अनुभव धागा: आडगावातले शाळासोबती

कोयनाकाठची:
आज घरच्या ग्रुपवर कुणीतरी तापोळ्याच्या लाँचचा फोटो टाकला आणि हातातलं काम तसंच राहिलं. आमचं गाव साताऱ्याकडच्या कांदाटी खोऱ्यातलं. 1960च्या दशकात कोयनेचं पाणी अडलं, आजोबांची भातखाचरं धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली आणि बाजाराची वाटही. शाळा लाँचनेच. उन्हाळ्याकडे पाणी खाली गेलं की लाँच लांब थांबायची, मग पोटरीभर गाळ तुडवायचा. मैत्रीण पुढे, मी तिच्या पावलावर पाऊल टाकत. दोघींच्या चपला तिच्या हातात, दोघींची दप्तरं माझ्या डोक्यावर. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती. दहावी झाली आणि तिचं लग्न लावून दिलं. मला अजून राग येतो.
तुमचीही अशी जिवाभावाची माणसं असतील, लिहा.

बालाघाटी:
आमच्याकडे दसरा झाला की निम्मा वर्ग रिकामा. बीड जिल्हा, ऊसतोड. माझा वर्गातला जोडीदार आईबापासंगं जायचा, नववीत तर बाप आजारी म्हणून त्यानंच कोयता धरला. मी त्याच्यासाठी वह्या उतरवून ठेवायचो. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की पाडव्याच्या आगंमागं परत. ट्रॅक्टरवरून उतरून आधी आमच्या दारात. हातावर पाचटानं कापलेल्या रेघा, त्याच हातानं वही घ्यायचा.

साकवावरून:
भाकरी तव्यावर आहे, पण राहवलं नाही. पावसात साकव, म्हणजे आमचा छोटा पूल, वाहून गेला की मैत्रीण पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडून ओरडून गृहपाठ सांगायची. अख्ख्या वाडीला आमची प्रमेयं पाठ 😀
@कोयनाकाठची, माहेरी येते का गं ती?

कोयनाकाठची:
येते, जत्रेला. माझ्या लेकाला पाढे तिनेच शिकवले.

घाटमाथा:
एसटीची मुक्कामी गाडी कशी विसरलात सगळे? रात्री गाडी आली की ड्रायव्हर-कंडक्टरांना आमच्याच घरून कालवण जायचं. सकाळी त्याच गाडीने शाळा. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत, आम्हा मुलांना पैसे भरावे लागत. मित्राकडे नसायचे, म्हणून मीही त्याच्यासोबत चालायचो. कंडक्टरकाका घाटात गाडी थांबवून दोघांना आत घ्यायचे. देवमाणूस.

बालाघाटी:
@घाटमाथा मुक्कामी गाडीचा वेगळा धागा काढाच राव.

पावशा:
कालवण कशाचं ते सांगा आधी. आमच्याकडे हुलग्याचं माडगं असायचं.

घाटमाथा:
कुळथाचं पिठलं, नाहीतर सुकट. आई गेली, तसलं पिठलं पुन्हा नाही खाल्लं.

कोयनाकाठची:
@बालाघाटी, तो जोडीदार आता काय करतो?

बालाघाटी:
ताई, गावात हंगामी वसतिगृह निघालं, तिथं राहून दहावी झाला. आता स्वतःचा पिकअप आहे. लेक डॉक्टर व्हायचं म्हणते, तिला नीटच्या क्लासला लातूरला ठेवलीय. पोरीच्या हाती कोयता नाही द्यायचा, म्हणतो.

साकवावरून:
लातूरला मुलींची राहण्याची सोय चांगली आहे का? पुतणीसाठी विचारतेय, मेसचं पण सांगा.

बालाघाटी:
त्यालाच विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.