एफवायला मायक्रोबायोलॉजी घेतलंय, प्रॅक्टिकल सुरू होतंय, घरी मधुमेही आजी आहे. काय सांभाळू?

टिटवाळा_लोकल
नमस्कार. यंदा दादरच्या बाजूच्या एका कॉलेजात एफवायबीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलंय. सोमवारपासून प्रॅक्टिकल. बारावीपर्यंत कांद्याची साल आणि फुलाचे भाग याच्या पुढे काही पाहिलेलं नाही, मायक्रोस्कोपपाशी तर वर्गाची रांगच लागायची.

हा विषय मला मनापासून हवा होता, पण घरी एक अडचण आहे. आजी ७८ वर्षांची, मधुमेह आहे आणि पायाच्या बोटाची जखम महिनाभर भरत नाहीये. ड्रेसिंग मीच करते. आई म्हणते, दिवसभर जंतूंत हात घालून येशील आणि मग आजीच्या पायाला लावशील. बाबा केमिस्ट्री घे म्हणतात. आईला सांगण्यासारखं खरं उत्तर मला हवंय, नुसतं ‘काही होत नाही’ नको.

शिवाय काय विकत घेऊ, पहिल्या दिवशी कशाकडे नीट लक्ष देऊ, हेही सांगा. सीनियर म्हणतात की ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखणं) वर्षभर जमत नाही. खरं का?

प्रेपरूम_ताई
मी एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. मीडिया (जिवाणूंचं खाद्य) बनवणं, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं, कल्चर (वाढवलेले जिवाणू) सांभाळणं, बॅचला सामान देणं हेच माझं रोजचं काम. म्हणून आधी आजींचं.

आईची काळजी रास्त आहे. पहिल्या वर्षाला आम्ही देतो ते बहुतेक ई. कोलाय, बॅसिलस, यीस्ट, दह्यातले जिवाणू, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस. यातला शेवटचा तुझ्या घरच्या दृष्टीने महत्त्वाचा. धडधाकट माणसांच्या नाकातही तो कित्येकदा असतो, पण मधुमेह्याच्या उघड्या जखमेत शिरला तर पू करतो. त्याला लॅबच्या दारातच अडवायचं. त्यासाठी विषय बदलायची गरज नाही, पण नियम मात्र एकही दिवस मोडायचे नाहीत.

लॅबमध्ये शिरताना ॲप्रन घालायचा आणि बाहेर पडताना तिथेच काढायचा. वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा, डबा असलेल्या बॅगेत कोंबायचा नाही. कॅन्टीनला ॲप्रन घालून जाणारी मुलं मी रोज पाहते, त्यांच्यासारखं करू नकोस. घरी तो इतर कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात साबणाने धुवायचा. प्रॅक्टिकल संपलं की मनगटापर्यंत साबणाने हात, आणि घरी पोचल्यावर ड्रेसिंगला हात लावण्याआधी पुन्हा. फोन टेबलावर काढायचाच नाही. हात धुवून पुन्हा तोच फोन धरलास तर धुण्याचा उपयोग काय? काचेवर लिहायचा मार्कर लॅबमध्येच राहू दे आणि कुठलंही पेन तोंडात नको. हाताला कापलं असेल तर पट्टी आणि वर ग्लव्हज. कल्चर सांडलं तर पुसायला धावू नकोस. वर कागद टाक, त्यावर डिसइन्फेक्टंट ओत, मॅडमना हाक मार. सांगितलं म्हणून कुणी ओरडत नाही, लपवलं तर मात्र पुढच्या बॅचच्या मुलाचा हात तिथे पडतो.

आता कामाचं. पहिल्या महिन्यात जिवाणूंची नावं पाठ करण्यापेक्षा हात बसवायचा असतो, आणि त्यातही लूप, म्हणजे जिवाणू उचलायची टोकाला कडी असलेली तार. निक्रोमची तार बर्नरमध्ये पूर्ण लाल झाली पाहिजे, टोकाला नाही, जवळजवळ दांड्यापर्यंत. कल्चर लागलेली लूप एकदम ज्वाळेच्या मध्यात घालू नकोस, तडतडून उडतं. आधी दांड्याकडची बाजू धर आणि हळूहळू टोक आत आण. मग थांब. तापलेली लूप कॉलनीला (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याला) लावलीस तर जे न्यायचं तेच मेलेलं असतं. प्लेटच्या कडेला, जिथे काही वाढलेलं नाही, तिथे अगरला (प्लेटमधल्या जेलीसारख्या थराला) टेकव. चर्र आवाज आला तर अजून गरम आहे. स्ट्रीक करताना, म्हणजे प्लेटच्या एकेका भागात रेघा ओढून जिवाणू विरळ करत नेताना, मनगट सैल ठेव, कागदावरून पीस फिरवल्यासारखं. अगरमध्ये लूप रुतली की नांगरल्यासारखा चर पडतो आणि वेगळ्या कॉलनी मिळत नाहीत. दर भागानंतर लूप पुन्हा लाल कर. हे सोडलं की चौथ्या भागातही गर्दीच दिसते.

झाकण पूर्ण उघडून टेबलावर ठेवायचं नाही. जरा तिरकं उचलायचं, बर्नरच्या जवळ. पंखा बंद. उकाड्यात मुलं कुरकुरतात, पण पावसाळ्यात मुंबईच्या हवेत बुरशी इतकी असते की पंख्याखाली ओतलेल्या प्लेटवर दोन दिवसांत काळे-हिरवे ठिपके येतात. अगर वितळायला उकळतं पाणी लागतं आणि तो साधारण चाळीसच्या खाली घट्ट होऊ लागतो. म्हणून ४५ ते ५० अंशांना ओतायचा. फार गरम ओतला की झाकणाला पाणी धरतं. ते पाणी कॉलनीवर टपकलं की सगळं एकत्र पसरतं, यासाठीच प्लेट इन्क्युबेटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या उबदार पेटीत) उलटी ठेवतात. नाव, तारीख, कल्चर हे सगळं तळाच्या बाजूला लिहायचं. झाकण बदललं की कुणाची प्लेट कुणाची ते कळत नाही.

एसवाय_मायक्रो
ताईंनी मोठं सांगितलं, मी खरेदीचं सांगतो. ॲप्रन सुती घे, पूर्ण बाह्यांचा. नायलॉन-पॉलिस्टर बर्नरजवळ नको, पेटलं तर कातडीला चिकटतं. ओढणी असेल तर पिन कर, केस वर बांध. पावसात चपला घालून ट्रेनने येतेस तर बंद बूट एका पिशवीत सोबत ठेव, उघड्या पायाने आमच्याकडे आत घेत नाहीत.

स्लाइड, लूप, स्टेन कॉलेज देतं. स्वतःचं हवं असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, पण घाई करू नकोस. मार्कर, मऊ सुती फडकं आणि काडेपेटी मात्र हवीच. जर्नल त्याच दिवशी लिही आणि दर आठवड्याला सही घे. सेमिस्टरच्या शेवटी सहीसाठी बाहेर जी रांग लागते त्यात तू दिसता कामा नयेस.

टिटवाळा_लोकल
ताई, दादा, खूप आभार. आईला ताईंचा पहिला भाग मोठ्याने वाचून दाखवला. बूट आणि वेगळी पिशवी आली घरात. बाबा अजून गप्प आहेत.

ग्रॅम स्टेनिंगचं राहिलं. पायऱ्या पाठ आहेत: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. मग चुकतं कुठे?

प्रेपरूम_ताई
पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. चुकतं स्मीअरमध्ये (स्लाइडवर पसरलेल्या जिवाणूंच्या पातळ थरात) आणि अल्कोहोलमध्ये.

स्लाइड आधी तेलकट नको. पाण्याचा थेंब गोळा होऊन पळाला तर ती पुन्हा धू. मग सलाइनचा लहान थेंब आणि त्यात कॉलनीचा अगदी टोकावरचा अंश. मुलं दहा जणांना पुरेल एवढं उचलतात. वाळल्यावर स्मीअर पुसटसा पांढुरका दिसला की बस, खालच्या कागदावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. हवेत वाळू दे, मग ज्वाळेवरून दोनतीनदा फिरव. मागची बाजू हाताला सोसेल इतकीच गरम. जास्त तापवलंस तर पेशींचे आकार बिघडतात.

अल्कोहोलचं कारण समजून घे. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे शेवटी जांभळ्या दिसणाऱ्या जिवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकॅन या जाळीदार पदार्थाचा जाड थर असतो, अल्कोहोलने तो आवळतो आणि व्हायोलेट-आयोडीनचा मोठा कण आत अडकतो. ग्रॅम-निगेटिव्हचा थर पातळ, बाहेरच्या पडद्यातली चरबी विरघळते, रंग निघून जातो आणि मग सॅफ्रानिनचा गुलाबी चढतो. जास्त वेळ अल्कोहोल ओतत राहिलं की पॉझिटिव्हही रंग सोडतात आणि सगळंच गुलाबी दिसतं. म्हणून घड्याळाकडे नाही, स्लाइडकडे बघ. तिरकी धर, थेंबथेंब सोड, खाली येणाऱ्या थेंबातला जांभळा रंग थांबला त्याच क्षणी पाण्याखाली. स्मीअर जाड असेल तर हा क्षण ओळखताच येत नाही.

आणि कल्चर ताजं हवं, १८ ते २४ तासांचं. बॅसिलस जुना झाला की भिंत कमकुवत होते, त्याच स्लाइडवर काही जांभळे, काही गुलाबी. तेव्हा दर स्लाइडवर एका कडेला स्टॅफिलोकोकस आणि दुसऱ्या कडेला ई. कोलाय यांचे छोटे स्मीअर लाव. त्यांचे रंग बरोबर आले तरच मधल्या अनोळखी स्मीअरवर विश्वास ठेव. हे पहिल्यापासून करणाऱ्या मुलांना परीक्षेत हात थरथरत नाही.

मायक्रोस्कोपच्या शंभरपटीच्या लेन्सला तेल लागतं. काम झालं की लेन्स पेपरने टिप, ॲप्रनच्या टोकाने कधीही नाही. आपल्या दमट हवेत तेल राहिलेल्या काचेवर बुरशी चढते आणि ती लेन्स कायमची जाते.

परळचा_लॅबवाला
मी हॉस्पिटलच्या मायक्रो लॅबमध्ये आहे. पहिलं म्हणजे, जखम महिनाभर भरत नाही म्हणतेस, आणि मधुमेह आहे. हे घरच्या ड्रेसिंगवर सोडू नकोस, या आठवड्यात सर्जनला किंवा मधुमेही पायांच्या ओपीडीत दाखव. ते बहुधा जखमेतलं कल्चर मागतील, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी. ड्रेसिंगच्या आधी आणि नंतर हात धू, जुनी पट्टी पिशवीत बांधून टाक, साखर तपासलीच पाहिजे. तू मायक्रो शिकतेस याचा धोका आजीला कमी आहे, न दाखवण्याचा जास्त.

दुसरं बाबांसाठी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मिळालेल्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ते काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेलं, तिथे आज त्यांच्या नावाची संस्था आहे. ही माणसंही लूप आणि ज्वाळा यांच्यावरच विसंबून होती. मुंबईच्या मुलीने हा विषय घेणं वावगं नाही, हे त्यांना सांग.

टिटवाळा_लोकल
आजीला गुरुवारी घेऊन जातोय, बाबाच रजा काढताहेत. कल्चर घेतलं तर रिपोर्टमधलं काय वाचायचं ते इथे विचारेन.

परळचा_लॅबवाला
नक्की विचार. फक्त त्याआधी घरातलं उरलेलं अँटिबायोटिक आजीला सुरू करू नका. नमुना घेण्याआधी औषध पोटात गेलं की कल्चरमध्ये बरेचदा काही उगवत नाही आणि आम्ही आंधळेपणाने औषध सुचवायला बसतो.