परत डंपर (सोसायटी ग्रुप)

ए-४०२: काल रात्री परत. पावणेतीनला तीन डंपर मागच्या खाडीत रिकामे केले, बेडरूमच्या काचा हादरत होत्या. सकाळी बघून आले, फुटक्या टाइल्स, कमोड, सिमेंटच्या गोण्या आणि त्यातून तिवराची मुळं कशीबशी टोकं वर काढून उभी. कोणालाच काही वाटत नाही का??

सी-१०१ काका: मी एजीएमलाच सांगितलं होतं, मागच्या गेटला कॅमेरा लावा.

सेक्रेटरी: मॅडम, ती जागा सोसायटीची नाही. कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय 🙏

ए-४०२: पाणी तुंबलं की होतो ना सोसायटीचा विषय. जुलैत तुमचीच गाडी बुडली साहेब

बी-२०४: 😂😂 अजून गॅरेजलाच आहे

डी-३०३: हायकोर्टाने २०१८ ला स्पष्ट सांगितलंय, कांदळवनात, म्हणजे या तिवरांत, आणि कडेने ५० मीटरपर्यंत भराव, डेब्रिज काही चालणार नाही, जमीन खासगी असली तरी. महापालिका, वनखात्याचा कांदळवन कक्ष, पोलीस, तिघांना लेखी अर्ज देऊ.

बी-५०१: पथक येणार सकाळी अकराला आणि डंपर पहाटे तीनला

सी-१०१ काका: म्हणूनच कॅमेरा.

डी-३०३: आणि नुसतं डेब्रिज नाहीये, पलीकडे मातीचा बांध घातलाय बघा. भरतीचं पाणी अडलं की तिवरं जागेवर वाळतात, मग म्हणायला मोकळे की इथे झाडं नव्हतीच. मी जुने सॅटेलाइट फोटो काढून ठेवलेत.

ए-४०२: एक बोलू का, राग मानू नका. ढिगात निळ्या फुलांची टाइल आहे. बी-६०३ च्या जुन्या किचनची. हळदीकुंकवाला पाहिलेली.

बी-६०३: एक्स्क्यूज मी?? राबीट उचलायचे वेगळे सात हजार मोजलेत, तो कुठे टाकतो ते मी बघत बसू?

बी-२०४: कॉन्ट्रॅक्टर सेक्रेटरी साहेबांनीच दिला होता ना 🙈

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे

डी-३०३: ताई, तुमच्यावर कोणी ढकलत नाहीये. डंपरच्या नंबर प्लेटला चिखल फासलेला असतो, तुमचा कॉन्ट्रॅक्टर हाच एक धागा आपल्या हातात आहे. बिल असेल तर द्या.

बी-६०३: बिल नाही. जीपे केलंय. पर्सनलवर पाठवते.

डी-३०३: भारी. आज रात्री अडीचला टेरेसवरून शूटिंग. खाली कोणी उतरायचं नाही. जीपीएसवालं कॅमेरा ॲप घ्या, तारीख-वेळ फोटोवर आली पाहिजे.

ए-४०२: मी आहे. ओडोमॉस लावून या. टेरेसची चावी कोणाकडे?

बी-५०१: सेक्रेटरींकडे 😶

सी-१०१ काका: कॅमेरा असता तर ही वेळच आली नसती.