चेहरे झाकले तर फोटोत उरतं काय?

दांडियाबाजारकर:
मंडळी, एक विचारायचंय. सध्या जॉन बाल्डेसारी या अमेरिकन चित्रकाराची कोलाजं बघतोय, सिनेमाचे जुने स्टिल फोटो आणि माणसांच्या तोंडावर सरळ लाल पिवळे निळे गोल. आधी वाटलं हे काय, कोणीही करेल, पण डोक्यातून जातच नाहीये. आजोबांच्या ट्रंकेत दिवाळी अंक, घरचे फोटो, सिनेमाच्या पुस्तिका पडल्यात, रद्दीवाल्याला द्यायचा जीव होत नाही, त्यांचं असं काही करू का? की नुसती नक्कल होईल?

रावपुरावाली:
करा हो! चेहरा दिसला की आपण हा हिरो, हा व्हिलन ठरवून मोकळे होतो, तो झाकला की नजर हातांकडे, उभं राहण्याच्या ढबीकडे जाते. ते गोल म्हणजे किंमत लावायचे साधे स्टिकर, बाल्डेसारी ते ऐंशीच्या दशकात लावायला लागला, आणि स्टिल दुकानांतून स्वस्तात उचललेले. याच माणसाने १९७० मध्ये स्वतःजवळची १९५३ ते ६६ ची चित्रं जाळून टाकली होती. मला तर ते वाचून पोटात कालवलं.

कलाभवनचा_जुना:
बडोद्यात बसून नक्कल कसली म्हणता? दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पुढे रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं आणि १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’. फोटो, छपाई, सिनेमा, तिन्ही एकाच माणसाच्या हातात! आणि आपल्या बडोद्याच्या चित्रकार भूपेन खख्खरांनी साठच्या दशकात देवांची छापील चित्रं घेऊन कोलाजं केलीच की.
फक्त हात जोडून सांगतो, मूळ फोटो कापू नका, झेरॉक्स वापरा. पेपरचा कागद पिवळा पडतो आणि फोटोला लागून राहिला तर डाग धरतो. चिकटवायला गव्हाची खळ घ्या, पुढेमागे काढायचं झालं तर पाण्याने सुटते.

दांडियाबाजारकर:
केलं काल रात्री! आजीआजोबांच्या लग्नाच्या फोटोची झेरॉक्स काढली, गोल स्टिकर नव्हते म्हणून आईच्या मोठ्या टिकल्या लावल्या. आजी खुर्चीत, आजोबा मागे, इतकी वर्षं हॉलमध्ये लावलाय हा फोटो आणि काल पहिल्यांदा दिसलं की आजोबांचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे पण दोन बोटं आजीच्या पदराला लागलीयेत. आईला दाखवलं तर ती किती वेळ बघतच बसली. आजोबांची टिकली जरा खाली लागलीये, कपाळ उघडं राहिलंय, आज परत करतो.