घरी वाईन द्यायचीये, रेड फ्रिजात ठेवू की बाहेर?

ढोकाळीची_मनी
नमस्कार मंडळी, शनिवारी ह्यांच्या ऑफिसचे तिघं बायकांसकट जेवायला येतायत. दोन बाटल्या आणून ठेवल्यात, एक शिराझ (रेड) आणि एक शेनिन ब्लां (व्हाईट), दोन्ही नाशिकच्याच. आमच्याकडे आजवर बिअरच्या पुढे कोणी गेलेलं नाही. दुकानदार म्हणाला व्हाईट थंड द्या, रेड रूम टेंपरेचरला द्या. पण आमच्या हॉलचं रूम टेंपरेचर म्हणजे दुपारी अंगाला पापड भाजेल असं. त्यात ग्लास म्हणाल तर ज्यूसचे सहा आहेत, तेवढेच. आठ जणांत मी आणि एक वहिनी घेत नाही. मेनू: सुरमई फ्राय, कोलंबीचं सुकं, चिकन मालवणी, पनीर टिक्का. काय कसं करू सांगा ना, ऐन वेळी फजिती नको.

निवांत_नेरुळ
ताई, ते रूम टेंपरेचर युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं, १६-१८ डिग्रीचं. आपल्याकडे ३०-३२ ला रेड दिली की वास घेताना आधी नाकात अल्कोहोलच जातं, द्राक्षाचं काही कळत नाही आणि मग लोक म्हणतात रेड कडवट असते. तेव्हा रेडसुद्धा फ्रिजात, पण जेवायच्या आधी तासभरच. व्हाईट सकाळपासून ठेवा, फ्रिज साधारण ४ डिग्रीला असतो म्हणून बाहेर काढून दहाएक मिनिटांनी ओता, फार गार असली तर चवच लागत नाही. १० च्या आसपास मस्त लागते. रेड १५-१८ ला.
ठेवायला विसरलात तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसता बर्फ नको, कारण पाण्यामुळे बाटलीला सगळीकडून गारवा लागतो. वर मूठभर मीठ. व्हाईट अर्ध्या तासात तयार, रेड दहाएक मिनिटांत. आणि शनिवारपर्यंत बाटल्या माळ्यावर किंवा गॅसच्या वरच्या कपाटात ठेवू नका हो, उन्हाळ्यात तिथे वाईन शिजते.

खारीगावचा_खवय्या
ग्लासची चिंता सोडा, ज्यूसचे चालतील. फक्त आदल्या दिवशी साबण न लावता गरम पाण्याने धुवून स्वच्छ फडक्याने पुसून ठेवा, कपाटाचा किंवा डिशवॉश बारचा वास आला की सगळं गेलं. दांडीचा ग्लास लोक घेतात कारण हाताची ऊब वाईनला लागत नाही, तुम्ही त्यावर उपाय म्हणजे थोडी थोडी ओता. ग्लासाचा तिसरा हिस्सा बस, वर जागा राहिली की वास साठतो. तोंडापर्यंत भरून देणं म्हणजे लग्नातलं सरबत वाटप.
हिशोब: ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, पिणारे सहा, प्रत्येकी दोन धरले तर बारा, म्हणजे दोन बाटल्या कमीच. अजून एक घ्या, मेनू बघता व्हाईटच. आणि कोणी बर्फ मागितला तर द्या बिनधास्त, पाहुण्याला नियम शिकवत बसू नये.

ऐरोलीची_माऊ
@खवय्या बर्फाला माझा विरोध!! पाच मिनिटांत वाईनचं पाणी. त्यापेक्षा बिनबियांची द्राक्षं आदल्या रात्री फ्रीझरला टाका आणि ग्लासात दोन-तीन सोडा, गारही राहते आणि पातळही होत नाही.
मनी, मालवणी चिकनबरोबर शिराझ नको गं, रेडमधल्या टॅनिनने (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) जीभ अजून आवळते, तिखटात तर आगच वाटते. शेनिन थोडी गोडसर असते ती तिखटाला बरी पडते, सुरमई-कोलंबीलाही तीच. शिराझ पनीर टिक्क्यासोबत काढ, नाहीतर जेवण झाल्यावर गप्पा मारताना. कोणी घोट घेतल्याबरोबर सोलकढी प्यायलं तर मात्र आंबट आंबट होतं, कढी भातालाच ठेव. आणि तुम्हा न पिणाऱ्या दोघींसाठी कोकम सरबत सोड्यात, तेही छान ग्लासात, नाहीतर हातात स्टीलचं भांडं घेऊन बसाल.

ढोकाळीची_मनी
माऊ, द्राक्षांची आयडिया भारी! आता शेवटचं, शिराझला बूच आहे, ओपनर नाही. सुरीने काढू का? आणि उरली तर किती दिवस राहते?

निवांत_नेरुळ
सुरी अजिबात नको, बूच आत पडतं किंवा हात कापतो. साधा स्क्रू ओपनर घ्या, भांड्याच्या दुकानात मिळतो. मधोमध खुपसून सरळ फिरवा, तिरका गेला की बूच तुटतं. शेनिनच्या झाकणाला पीळ असेल, नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना असतो, ते हातानेच उघडतं. शिराझ पाहुण्यांच्या आधी अर्धा तास उघडून काचेच्या जगमध्ये ओतून फ्रिजातच ठेवलीत तर अजून मऊ लागते. उरलेली बूच लावून फ्रिजात उभी ठेवा, दोन्ही वाईन तीनेक दिवस नीट राहतात. मग रेड मटणाच्या रश्श्यात टाका.

खारीगावचा_खवय्या
उरली तर ना 😄