रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) लागलंय, आईच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज अडकलीत, काही करता येईल का?

गडहिंग्लजकर

नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या. काल रात्री घरच्या कॉम्प्युटरवर (विंडोज १०) सगळ्या फायलींच्या नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं लागलीत आणि एकही फाईल उघडत नाहीये. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची टेक्स्ट फाईल आलीय, त्यात इंग्रजीत लिहिलंय की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९० डॉलर.

झालं असं की आई मागच्या वर्षी गेली. २०१६ पासून तिच्या जात्यावरच्या ओव्या मी छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर घेत होतो, साधारण ६० फायली आहेत, काही वेव्ह, काही एमपीथ्री. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना दाखवायला फोटो आणि ओव्या मिळून एक व्हिडिओ करायचा म्हणून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक (पैसे न भरता चालवायची चोरटी कॉपी) उतरवलं. झिप फाईलला पासवर्ड होता, सोबत सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा, आणि मी केला. क्रॅक चालवल्यावर विंडोज अपडेटचा स्क्रीन आला म्हणून मी जेवायला गेलो, परत येऊन बघतो तर हे. चूक माझीच आहे, पण ओव्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही. रेकॉर्डरच्या कार्डावरून कॉम्प्युटरवर घ्यायचो आणि कार्ड रिकामं करायचो. गावातला दुकानदार म्हणतोय विंडोज मारून देतो, सगळं क्लीन होईल. देऊ का त्याच्याकडे?

रात्रपाळी

दादा, देऊ नका. विंडोज मारलं तर व्हायरस जाईल पण त्याबरोबर तुमच्या फायलीही जातील, आणि त्या लॉक झालेल्या असल्या तरी आज त्याच तुमच्याकडे आहेत. एकही फाईल पुसू नका.

आत्ता लगेच काय करायचं ते सांगतो. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पेनड्राईव्ह किंवा बाहेरची डिस्क लावलेली असेल तर काढा आणि नवीन काही लावू नका. तुम्ही जे वर्णन केलंय (चार अक्षरं, रीडमी, ९८० चे ४९०, खोटा अपडेटचा स्क्रीन) त्यावरून हे स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात त्या घराण्यातलं दिसतंय. घरगुती कॉम्प्युटरवर क्रॅकमधून येणारं रॅन्समवेअर म्हणजे बहुतेक वेळा हेच. ते विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये स्वतःचं एक काम टाकून ठेवतं आणि दर थोड्या मिनिटांनी परत चालतं, म्हणून आता तुम्ही एखादी चांगली फाईल दाखवायला पेनड्राईव्ह लावलात तर तीही जाईल.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. या रॅन्समवेअरच्या जोडीला बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड गेले असं समजूनच चला. मोबाईलवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जीमेल, बँक, यूपीआयशी जोडलेला ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा आणि टू स्टेप (पासवर्डनंतर मोबाईलवरून दुसरी खात्री) लावा. या कॉम्प्युटरवर बसून बदलू नका, नाहीतर नवीन पासवर्डही त्यांच्याच हातात जाईल. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा, आणि तक्रार सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवरही टाका.

हे झालं की सी ड्राईव्हमध्ये सिस्टमआयडी नावाचं फोल्डर आहे का बघा, त्यात पर्सनलआयडी नावाची टेक्स्ट फाईल असते. त्यातल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं कोणती ते सांगा. टी आणि १ असतील तर आशा बरीच आहे.

जुना_असेंबलवाला

वरच्यांशी शंभर टक्के सहमत. मी कोल्हापुरात २२ वर्षं असेंबलिंग आणि रिपेअर करतोय. असं मशीन आलं की मी आधी हार्डडिस्क काढून बाजूला ठेवतो आणि गिऱ्हाईकाला नवीन डिस्क घ्यायला सांगतो, विंडोज त्या नवीन डिस्कवर टाकायचं. जुन्या डिस्कवर तारीख लिहून कपाटात. कारण आज लॉक उघडायची चावी नसली तरी पुढे कधी मिळू शकते. पूर्वी असं झालेलं आहे, पोलिसांनी टोळ्यांचे सर्व्हर पकडले आणि चाव्या बाहेर आल्या, कधी टोळ्यांनी स्वतःच धंदा बंद करताना चाव्या टाकल्या. ज्यांनी फॉरमॅट मारलं होतं ते बघत राहिले.

आणि "आम्ही कुठलंही रॅन्समवेअर खोलून देतो, २५ हजार द्या" असं कोणी म्हणालं तर लांब राहा. चावी नसताना ते कोणालाच खोलता येत नाही, असली माणसं मागच्या दाराने चोरालाच पैसे भरतात आणि वर स्वतःचं कमिशन लावतात. माझ्याकडे आलेल्या एका गुरुजींचे असे १८ हजार गेले आणि फायलीही मिळाल्या नाहीत.

गडहिंग्लजकर

वायर काढली, भावाच्या मोबाईलवरून पासवर्ड बदलले, बँकेत काही गडबड नाही. आयडी बघितला, शेवटी टी१ नाहीये. आता काय?

बोरिवली_लोकल

दादा, मला वाईट वाटतंय पण एक बोलतो, राग मानू नका. ४९० डॉलर म्हणजे चाळीस हजाराच्या वर होतात, पण आईचा आवाज परत कुठे मिळणार? ७२ तास संपायच्या आत भरून टाकावेत असं मला वाटतं. आमच्या ओळखीतल्या एकाने भरले होते आणि त्याला चावी मिळाली होती.

रात्रपाळी

बोरिवलीकर, तुमची कळकळ समजते. पैसे भरून चावी मिळतेही कधीकधी, खोटं बोलणार नाही. पण नाही मिळाली तर दाद कोणाकडे मागणार? ७२ तासांनंतर फक्त सवलत संपते, फायली नष्ट होत नाहीत, तो आकडा माणसाला घाबरवायला टाकलेला आहे. म्हणून आधी जे फुकटात होतंय ते करून बघू.

दादा, टी१ नाही म्हणजे ऑनलाईन चावी. लॉक करताना कॉम्प्युटर त्यांच्या सर्व्हरशी बोलला आणि फक्त तुमच्यासाठी वेगळी चावी तयार झाली. सर्व्हर सापडला नसता तर प्रोग्राममध्येच भरलेली ऑफलाईन चावी वापरली गेली असती, ती अनेकांना एकच असते आणि त्यातल्या बऱ्याच एमसिसॉफ्ट कंपनीच्या फुकट डिक्रिप्टरमध्ये (लॉक उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहेत. ऑगस्ट २०१९ च्या आधीचे प्रकार तर ऑनलाईन चावीचेही सुटतात. तुमचा नवीन आहे. तरीही आयडी रॅन्समवेअर या साईटवर रीडमी आणि एक लॉक झालेली फाईल टाकून प्रकार पक्का करून घ्या, आणि युरोपोल, डच पोलीस वगैरेंनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या साईटवर मधूनमधून बघत राहा.

आता मुद्द्याचं. हे रॅन्समवेअर घाईत असतं, कोणी बंद करायच्या आत जास्तीत जास्त फायली उरकायच्या असतात, म्हणून ते प्रत्येक फाईलचे फक्त सुरुवातीचे साधारण १५० केबी लॉक करतं. वर्डची छोटी फाईल १५० केबीपेक्षा लहान असते म्हणून ती पूर्ण जाते. पण आवाजाची फाईल मोठी असते! १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये १५० केबी म्हणजे जेमतेम साडेनऊ सेकंद. वेव्ह मोनोमध्ये असेल तर पावणेदोन सेकंद. बाकीच्या ओव्या आत जशाच्या तशा आहेत.

करायचं असं. जुनी डिस्क काढून दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरला जोडा (त्यावर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, चालू हवा आणि जुन्या डिस्कवरचा कुठलाही प्रोग्राम उघडायचा नाही), फायलींची कॉपी करा आणि जे काय करायचं ते कॉपीवरच, मूळ फाईलला हात नाही. एमपीथ्रीच्या कॉपीच्या नावाच्या शेवटची ती चार अक्षरं काढा आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा, बऱ्याचदा सरळ वाजते. वेव्हचं डोकं, म्हणजे हेडर, गेलेलं असतं म्हणून प्लेअर नकार देतो. तिथे ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर घ्या, इम्पोर्टमध्ये रॉ डेटा निवडा, १६ बिट, मोनो, ४४१००, असं रेकॉर्डरचं जे सेटिंग असेल ते भरा. सुरुवातीला खर्रर्र आवाज येईल आणि मग आईचा. आवाज पिपाणीसारखा बारीक किंवा राक्षसासारखा जाडा आला तर सेटिंग चुकलंय समजा, बदलून बघा. पूर्णवेळ नुसती खरखर आली तर ऑफसेट (फाईल कुठून वाचायला सुरुवात करायची ती जागा) एक बाईटने पुढेमागे करा. मोबाईलवरचे व्हिडिओ असतील तर डिस्कट्यूनाचं मीडिया रिपेअर नावाचं फुकट टूल आहे, त्याला त्याच मोबाईलवर काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो.

ठाकुर्लीची_ताई

मी टेक्निकल नाही, पण लग्नाच्या फोटोंच्या वेळी आमच्याकडे असंच झालं होतं म्हणून विचारते. दादा, ते रेकॉर्डरचं कार्ड अजून आहे का? तुम्ही म्हणालात कार्ड रिकामं करायचो. डिलीट केलं म्हणजे कार्डावरून लगेच पुसलं जात नाही, वर नवीन रेकॉर्डिंग होईपर्यंत जुनं खाली तसंच असतं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फायलीही काढतं. कार्डावर काहीही नवीन रेकॉर्ड करू नका आणि सापडलेलं त्याच कार्डावर सेव्ह करू नका. आणि व्हॉट्सॲपवर मावशीला, बहिणीला कधी ओव्या पाठवल्या असतील, तर त्यांच्या जुन्या मोबाईलमध्येही बघा. आमचे निम्मे फोटो नणंदेच्या फोनमधून मिळाले.

जुना_असेंबलवाला

ताईंनी फार चांगलं सांगितलं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

आता नवीन विंडोज टाकाल तेव्हाचं बोलतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन घेत असेल तर ११ टाका, नसेल घेत तर वाढीव सिक्युरिटी अपडेटची नोंदणी करा. अपडेट का हवेत ते २०१७ ला दिसलं, वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरला कोणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती, मे महिन्यात ते पसरलं आणि त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या अशाच व्हायरसने आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं, बाहेर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती.

डिफेंडर पुरेसा आहे, फक्त तो बंद करायचा नाही. पासवर्डवाली झिप देतात ती याच कारणासाठी, आत काय आहे ते अँटिव्हायरसला बघता येऊ नये म्हणून. विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शन आहे, त्यात कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू करा, ते मुळात बंद असतं. मग अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. कधीकधी चांगल्या प्रोग्रामलाही अडवतं, तेवढी परवानगी हाताने द्यावी लागते. व्हिडिओ एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्ह, शॉटकट फुकट आहेत आणि अधिकृत आहेत, क्रॅकची गरजच नाही.

पण खरी मदार बॅकअपवर. दोन डिस्क, आणि कॉपी झाली की वायर काढायची. कायम लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नाही, रॅन्समवेअर तिलाही खातं. गुगल ड्राईव्ह सिंकवर ठेवलं असेल तर लॉक झालेली फाईलच वर चढते, पण जुनी आवृत्ती ३० दिवस मिळते, म्हणून तेवढ्यात लक्षात यायला हवं.

गडहिंग्लजकर

उशीर झाला, चार दिवस त्यातच होतो. डिस्क काढून भाच्याच्या लॅपटॉपला लावली. एमपीथ्रीच्या २३ फायली व्हीएलसीत वाजल्या, सुरुवातीचे नऊ-दहा सेकंद नाहीत. वेव्हला ऑडॅसिटीत सेटिंग मोनो ४४१०० लागू पडलं. पहिली फाईल लावली तेव्हा खर्रर्र झालं आणि एकदम जात्याची घरघर आणि आई मधल्याच शब्दापासून. घरात कोणी काही बोललं नाही.

कार्ड कपाटात सापडलं, फोटोरेकने त्यातून ११ फायली काढल्या, त्या अख्ख्या आहेत, त्यात एक अशी आहे जी मी कॉम्प्युटरवर कधी घेतलीच नव्हती, त्यात आई मध्येच थांबून मला विचारते की चहा ठेवू का. व्हॉट्सॲपवर धाकट्या मावशीकडे सहा मिळाल्या. फोटोंपैकी बरेच अजून लॉकच आहेत, आणि वडिलांनी टाईप केलेल्या ओव्यांच्या वर्ड फायली गेल्या, त्या आता ऐकून परत लिहितोय.

जुनी डिस्क तारीख टाकून ठेवलीय. दोन नवीन डिस्क घेतल्या, एक बहिणीकडे सांगलीला राहील, दर अमावास्येला बदलायची असं ठरवलंय म्हणजे विसरणार नाही. पैसे भरले नाहीत.

रात्रपाळी, एक राहिलं. वेव्हच्या चार फायलींमध्ये कुठलंही सेटिंग लावलं, ऑफसेट हलवून बघितला, तरी नुसती खरखरच येते. त्या २०१६ च्या, सगळ्यात जुन्या आहेत, तेव्हा बहुतेक दुसरा रेकॉर्डर होता. त्याचं सेटिंग कसं शोधू?

रात्रपाळी

दादा, वाचून बरं वाटलं. जुना रेकॉर्डर एडीपीसीएम पद्धतीने दाबून साठवत असेल, तसं असेल तर रॉ इम्पोर्टने सरळ जमत नाही. त्याच रेकॉर्डरची एखादी चांगली फाईल मिळाली तर तिचं हेडर उचलून लावता येईल. घरात तो रेकॉर्डर आहे का शोधा, चालत असेल तर दोन मिनिटं काहीही रेकॉर्ड करा आणि ती फाईल त्या चारांपैकी एकीबरोबर मला पाठवा. आज रात्री ड्युटीवर आहे, बघतो.