महागडा खेळाडू ट्रेडमध्ये घ्यावा का? : बेसबॉलप्रेमींचे अनुभव

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी अनेकजण आता आपापल्या शहराच्या बेसबॉल संघात मनापासून गुंतलेले आहेत. जुलैच्या अखेरीस ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत जवळ आली, की त्यांच्या घरांत एकच वाद रंगतो: आपल्या संघाने मोठ्या पगाराचा नामांकित खेळाडू घ्यावा, की हाताशी असलेली होतकरू मुले जपावीत? केवळ क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चावर मर्यादा असते. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही, मात्र ठरावीक रकमेच्या वर गेलेल्या संघाला लक्झरी टॅक्स भरावा लागतो. २०२५ मध्ये ही रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती. ट्रेडची किंमत मात्र दुहेरी असते. खेळाडूच्या करारातला उरलेला पगार अंगावर घ्यावा लागतो आणि त्याच्या बदल्यात मायनर लीगमधले (खालच्या स्तरावरचे) तरुण खेळाडू द्यावे लागतात. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूला फ्री एजंट (हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा) होता येत नाही, त्यामुळे असा गुणी तरुण म्हणजे संघाला कमी पगारात मिळणारी कितीतरी वर्षे असतात, आणि ती देऊन टाकताना जीव खालीवर होतो.

ट्रेड झाला त्या दिवशी काय वाटले आणि काही वर्षांनी काय वाटते, हे दोन्ही कृपया लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

सॅन दिएगो

हुआन सोटोने वॉशिंग्टनचा १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला आणि २ ऑगस्ट २०२२ रोजी तो आमच्या पाड्रेस संघात आला. त्याच्यासाठी दिलेल्या खेळाडूंमध्ये सीजे अब्राम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड होते. पुढे हे तिघेही वॉशिंग्टनकडून ऑलस्टार झाले, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. इतके सगळे माहीत असूनही मी म्हणेन, की तो ट्रेड योग्यच होता.

त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरला आमच्या पेटको पार्क मैदानावर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतला चौथा सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला. डॉजर्सने त्या हंगामात १११ सामने जिंकले होते. सातव्या इनिंगमध्ये आम्ही ०-३ ने मागे होतो. नोलाच्या हिटवर पहिली धाव आली, किमच्या डबलवर दुसरी, आणि मग सोटोने चेंडू उजवीकडे मारून बरोबरी साधली, तेव्हा आमच्या रांगेतली अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. क्रोनेनवर्थने त्यानंतर आघाडी मिळवून दिली आणि मालिका आम्ही जिंकली. या शहरातून फुटबॉलचा चार्जर्स संघ २०१७ मध्ये निघून गेला होता. त्यामुळे पाड्रेसचे मालक पीटर साइडलर संघावर जो खर्च करत होते, त्याचे मोल इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये सोटो सर्वच्या सर्व १६२ सामने खेळला, ३५ होमरन मारले, तरी संघ ८२-८० वर अडकला. एका धावेच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत आम्ही ९ जिंकले आणि २३ हरलो. त्या नोव्हेंबरात साइडलर वारले, पगाराचा भार कमी करणे भाग पडले आणि डिसेंबरात सोटो न्यूयॉर्कला गेला. अशा खेळाडूला घेताना त्याचा पुढचा करार कोण भरणार, हे आधीच ठरलेले असावे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

डेट्रॉइट

आमच्याकडे नेमके हेच ठरलेले होते. डिसेंबर २००७ मध्ये टायगर्सने फ्लोरिडाकडून मिगेल कॅब्रेराला घेतले आणि त्यासाठी अँड्र्यू मिलर व कॅमेरॉन मेबिन यांच्यासह सहा तरुण दिले. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याच्याशी आठ वर्षांचा, १५ कोटी २३ लाख डॉलरचा करार झाला. पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, आमचा संघ गटात शेवटचा आला. माझ्या कार्यालयातले जुने डेट्रॉइटकर तेव्हा १९८७ ची आठवण काढत असत. त्या वर्षी डॉइल अलेक्झांडर या अनुभवी पिचरसाठी (गोलंदाजासाठी) जॉन स्मोल्ट्झ हा मुलगा अटलांटाला दिला गेला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊच्या नऊ सामने जिंकून दिले खरे, पण स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

कॅब्रेराच्या बाबतीत मात्र काळाने उलट निकाल दिला. २०१२ मध्ये सरासरी, होमरन आणि आरबीआय (आपल्या फटक्यावर मिळवून दिलेल्या धावा) या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला. असा ट्रिपल क्राउन १९६७ नंतर कोणालाच मिळाला नव्हता. पुढच्याच वर्षी, २०१३ च्या जुलैत, शहराने दिवाळखोरी जाहीर केली. त्या उन्हाळ्यात घरांच्या किमतींपासून पथदिव्यांपर्यंत सगळ्याच गप्पा निराशेच्या असत आणि संध्याकाळी रेडिओवर कॅब्रेराची पाळी आली की सगळे कान टवकारत. फ्लोरिडाला दिलेल्या मुलांपैकी कोणीही तिथे तारा झाला नाही.

आमची चूक झाली ती दुसऱ्या करारात. आधीचा करार संपायला दोन वर्षे बाकी असताना, २०१४ मध्ये, संघाने त्याला आणखी आठ वर्षांसाठी २४ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले. तो करार संपला तेव्हा तो चाळिशीत होता. मधल्या काळात, २०१९ मध्ये, आम्ही ११४ सामने हरलो. तरीही १ ऑक्टोबर २०२३ रोजी, शेवटच्या सामन्यात, दोन वर्षे क्षेत्ररक्षण न केलेल्या कॅब्रेराला आठव्या इनिंगमध्ये पहिल्या बेसवर उभे केले, चेंडू नेमका त्याच्याकडेच आला, त्याने तो टिपून बेसवर पाय ठेवत फलंदाजाला बाद केले आणि सारे मैदान उभे राहिले. ट्रेड आणि नंतरचा करार हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि त्यांचा हिशेब वेगवेगळाच मांडावा, अशी माझी सर्वांना विनंती आहे.

न्यू जर्सी (यांकीज)

डिसेंबर २०१७ मध्ये जियानकार्लो स्टॅन्टन आला, तो ५९ होमरन मारून आणि एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) होऊन. मायामीच्या नव्या मालकांना पगार कमी करायचा होता आणि स्टॅन्टनच्या करारात ट्रेड नाकारण्याचा अधिकार होता. त्याने सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस यांना नकार दिला, त्यामुळे मायामीला फारसे काही मागता आले नाही. आम्ही स्टार्लिन कॅस्ट्रो आणि दोन तरुण दिले. खरी किंमत होती उरलेल्या दहा वर्षांच्या साडेएकोणतीस कोटी डॉलरची, ज्यातले तीन कोटी मायामीने उचलायचे होते.

घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात तो पाच वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला ते अजिबात आवडले नव्हते. २०१९ मध्ये दुखापतींमुळे तो जेमतेम १८ सामने खेळला. पण ऑक्टोबरात प्लेऑफ आले की हाच माणूस वेगळा दिसतो. २०२४ मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध पाच सामन्यांत चार होमरन मारून त्याने आम्हाला १५ वर्षांनी वर्ल्ड सिरीजमध्ये (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत) नेले. तेवढ्यासाठी ती रक्कम योग्य होती का, याचे उत्तर मी ‘हो’ असेच देतो, कारण ती मोजूनही संघाला इतर खेळाडू घेण्यापासून कोणी अडवले नव्हते. लहान शहराच्या संघाला हे परवडणार नाही, हेही तितकेच खरे.

सेंट लुईस

वरच्या प्रतिसादातल्या नकाराचा परिणाम आम्ही भोगला, म्हणून लिहिते. स्टॅन्टन मिळाला नाही, तेव्हा कार्डिनल्सने त्याच महिन्यात मायामीकडूनच मार्सेल ओझुनाला घेतले. दिलेल्या चौघांत सँडी अल्कांतारा आणि झॅक गॅलन हे दोन पिचर होते. ओझुना दोन हंगाम खेळून गेला. अल्कांताराला २०२२ मध्ये एकमताने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि गॅलन पुढे ॲरिझोनाचा आघाडीचा पिचर झाला.

याउलट पॉल गोल्डश्मिट २०१८ च्या अखेरीस त्या मानाने स्वस्तात मिळाला, लगेच पाच वर्षांसाठी थांबला आणि २०२२ चा एमव्हीपी ठरला. नोलन अरेनाडोसाठी तर कोलोरॅडोने खेळाडूबरोबर सुमारे पाच कोटी डॉलरही दिले. माझे यजमान अजूनही म्हणतात, की दोघांना मिळून इतके कमी देऊन घेणे ही मोठी कमाई होती. मला मात्र आठवते ती २०२२ च्या प्लेऑफमधली घरच्या मैदानावरची मालिका, जिथे फिलाडेल्फियाने आम्हाला सलग दोन सामन्यांत बाहेर काढले आणि दोघांच्याही बॅटी गप्प राहिल्या. पुढच्या वर्षी आम्ही ९१ सामने हरलो. दोन उत्तम फलंदाज असूनही पिचर नसतील तर काय होते, हे आम्ही हंगामभर पाहिले, आणि त्या हंगामात अल्कांतारा व गॅलन यांची नावे निघाली नाहीत अशी संध्याकाळ आमच्या घरी क्वचितच गेली.

पिट्सबर्ग

आमचा अनुभव थोडक्यात. ३१ जुलै २०१८ रोजी ख्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि नंतर शेन बाझ हे तिघे टँपाला दिले. आर्चरचा पगार फार नव्हता, त्यामुळे इथे त्या ट्रेडला ‘परवडणारा’ म्हटले गेले. पण खरी किंमत त्या तिघा तरुणांत होती; पगार कमी म्हणून खेळाडू स्वस्त समजू नये.

बोस्टन

मी खेळाडू देऊन टाकणाऱ्या संघाच्या शहरातून लिहीत आहे. मुकी बेट्स आमच्याच संघात घडला, २०१८ मध्ये एमव्हीपी झाला आणि त्याच वर्षी १०८ सामने जिंकून आम्ही वर्ल्ड सिरीजही जिंकली. फेब्रुवारी २०२० मध्ये तो डॉजर्सला दिला गेला, तेव्हा त्याच्या करारात एकच वर्ष आणि २ कोटी ७० लाख डॉलर उरले होते. त्याच्याबरोबर डेव्हिड प्राइसचा अवजड करारही पाठवला, ज्याचा निम्मा भार आमच्याच संघाने उचलला. आधी हा तीन संघांचा ट्रेड होता. मिनेसोटाकडून येणाऱ्या तरुण पिचरच्या वैद्यकीय अहवालावरून तो मोडला, काही दिवस सगळे अधांतरी राहिले आणि अखेर ॲलेक्स व्हर्डुगो, कॉनर वाँग आणि जेटर डाउन्स यांच्यावर सौदा झाला. त्या दिवसांत मी कामावरही बातम्या पाहत असे, कारण सौदा पुरताच फिसकटेल अशी आशा मला शेवटपर्यंत होती.

डॉजर्सने त्याच जुलैत बेट्सशी १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाखांचा करार केला आणि त्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज जिंकली. २०२४ आणि २०२५ मध्येही जिंकली. बोस्टनसारख्या श्रीमंत संघाने लक्झरी टॅक्सचे कारण पुढे करणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. आपला संघ असा खेळाडू घेण्याच्या विचारात असेल, तर समोरचा संघ त्याला का सोडतो आहे, एवढे जरूर पाहावे. कारण फक्त पैशाचे असेल, तर अजिबात कचरू नये.

मिलवॉकी

२००८ च्या जुलैत सीसी सबॅथिया हा पिचर आला, तेव्हा तो हंगाम संपताच जाणार, हे शहरात सर्वांना ठाऊक होते. त्याने १७ सामन्यांत सुरुवात केली, ११ जिंकले, २ हरले आणि सात वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने गोलंदाजी केली. करार संपत आलेला, पुढे मोठी रक्कम वाट पाहत असलेली, तरीही सप्टेंबरच्या अखेरीस तो सलग तीन वेळा केवळ तीन दिवसांच्या विश्रांतीवर मैदानात उतरला. शेवटच्या दिवशी शिकागोविरुद्ध त्याने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या, आणि तिकडे न्यूयॉर्क मेट्स हरल्यामुळे आम्ही १९८२ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये पोहोचलो. तिथे लगेच हरलो. तो यांकीजकडे गेला. मला त्याबद्दल आजही कोणतीही तक्रार नाही, आणि असा ट्रेड पुन्हा करायची वेळ आली तर संघाने तो करावा.

क्लीव्हलँड

सबॅथिया तुम्हाला आमच्याकडूनच मिळाला. त्याच्या बदल्यात ज्याच्याकडून सर्वाधिक अपेक्षा होत्या तो मॅट लापोर्टा फारसा चमकला नाही, आणि ज्याचे नाव नंतर यादीत जोडले गेले तो मायकेल ब्रँटली आमचा अनेक वर्षांचा आधार झाला. म्हणून होतकरूंच्या याद्या मी आदराने वाचतो, पण त्यांवर पैज लावत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सिस्को लिंडोर मेट्सकडे गेला, तेव्हा माझी मुलगी त्याची जर्सी घालून शाळेत जायची. मेट्सने त्याला दहा वर्षांसाठी ३४ कोटी १० लाख दिले, जे आमच्या मालकांनी कधीच दिले नसते. बदल्यात आलेला आंद्रेस हिमेनेझ २०२२ मध्ये ऑलस्टार झाला आणि लीगमधल्या सर्वांत तरुण संघाने ९२ सामने जिंकून गटात पहिले स्थान मिळवले. म्हणजे सौदा दोघांनाही लाभला. तरीही १९४८ नंतर इथे वर्ल्ड सिरीजचे विजेतेपद आलेले नाही, आणि दर काही वर्षांनी सर्वांत आवडत्या खेळाडूला निरोप देण्याची सवय लेकरांना लावणे मला जड जाते. त्या २०२२ च्या एप्रिलमध्ये होसे रामिरेझही जाणार अशी चर्चा जोरात होती. त्याने बाहेर मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षा कमी पैशांत दीर्घ करार करून इथेच राहायचे ठरवले. घरी आम्ही आता त्याच्या नावाची जर्सी घेतली आहे.