बाकावरच्या गप्पाही खेळाइतक्याच मोलाच्या
व्हीलचेअरवरच्या मुलांना खेळामुळे मिळणारी ताकद आणि आत्मविश्वास यावर नेहमीच बरंच बोललं जातं. मैत्रीबद्दल थोडी भर घालतो.

व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये हालचालीच्या क्षमतेनुसार खेळाडूला १ ते ४.५ गुण असतात आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे धडावर फारसा ताबा नसलेला १ गुणाचा मुलगाही संघाला हवा असतो. तो खुर्ची आडवी घालून समोरच्याला रोखतो, तेव्हा इतरांना बास्केटकडे वाट मिळते. पीटीच्या तासाला वर्गात बसवून ठेवलेल्या पोरावर कुणीतरी हक्काने ओरडतं, "अरे, अडव ना त्याला!" हे मला फार मोलाचं वाटतं.

कॅथेटर (लघवीसाठीची नळी), कॉलेजातलं टॉयलेट, एकट्याने रेल्वेप्रवास, प्रेम, लग्न... घरी विचारायला संकोच वाटतो ते सगळं सरावानंतर बाकावर मोठ्या खेळाडूंना विचारता येतं.

जर्मनी, कॅनडातल्या देशांतर्गत स्पर्धांत चालता येणारेही खुर्चीत बसून खेळतात. म्हणजे सख्खी भावंडं एका संघात! आपल्या शाळांतही हे व्हायला हवं. आणि पालकांनो, मुलांना बाकावर मोकळेपणाने बोलता यावं म्हणून सरावाला सोडल्यावर थोडं लांब जाऊन बसा, एवढी कळकळीची विनंती.